इस्कंदर न्हाव्याचं मुकं विमान

इस्कंदरच्या दुकानाची आणि माझ्या दुकानाची भिंत एकच आहे, आणि त्या भिंतीला एक भोक आहे. भोकातून जनरेटरची वायर जाते. आमच्या ऐन तूत गावात सरकारी वीज येते ती घाईतल्या पाहुण्यासारखी, कॉफीसुद्धा न घेता उठून जाते. त्यामुळे सगळं गाव तानियोसच्या जनरेटरवर चालतं. तानियोसकडून आम्ही दोघांनी मिळून एकच जोडणी घेतली होती. ती इतकी मरतुकडी, की तिकडे इस्कंदरने केस वाळवायचं यंत्र लावलं की इकडे माझं शिलाई मशीन बंद. मग मी कात्रीच्या मुठीने भिंत ठोकायची आणि त्याने पलीकडून, मी जिरयेसची आई म्हणून, ओरडायचं, "इम जिरयेस, एकच डोकं राहिलंय, देवाशप्पथ!" ते एकच डोकं दुपारपर्यंत चालायचं.

म्हणून इस्कंदरच्या विमानाला पेट्रोलचं इंजिन बसवायचं की विजेची मोटर, हा प्रश्न जेव्हा गावासमोर आला, तेव्हा मी काही तटस्थ नव्हते. पेट्रोल असेल तर त्याचं ते बघेल. वीज असेल तर माझी इस्त्री थंड होणार, हे मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं.

विमान म्हणजे पोरांचं खेळणं नव्हे. माणसाने दोन्ही हात पसरावेत एवढे त्याचे पंख, अंग हलक्या लाकडाचं, वरून पिवळा कागद ताणून बसवलेला. नाव सफ्रा, म्हणजे पिवळी. इस्कंदर खाली शेतात उभा राहून गळ्यात रिमोटची पेटी अडकवायचा आणि दोन अंगठ्यांनी तिला सगळ्या खोऱ्यावरून फिरवून आणायचा. बेरूतच्या विमानतळावरचा एक कारागीर पूर्वी त्याच्याकडे दाढीला यायचा, त्याने हे वेड लावलं. पुढे तो कारागीर ब्राझीलला निघून गेला, वेड इथेच राहिलं.

आणि हा माणूस कसा, तर त्याला काहीही ठरवता येत नाही. ओदेतला मागणी घालायला त्याने इतका वेळ लावला, की शेवटी तिचा बापच दुकानात येऊन खुर्चीत बसला आणि तोंडाला साबण फासलेला असताना म्हणाला, "काय ते आज ठरव. त्याशिवाय मी तोंड धुणार नाही." मिशी ठेवावी की काढावी, याचा निकाल तर अजून लागलेला नाही. कधी असते, कधी नसते, आणि ओदेत म्हणते की तिला आता फरक कळतसुद्धा नाही.

पण एक गोष्ट त्याची ठरलेली असायची. ऑगस्टमध्ये मरियमेचा सण येतो. चर्चच्या अंगणात मूर्ती खांद्यावर घेऊन मिरवणूक निघाली, की लांबून सफ्राचा आवाज यायचा, घर्रर्र करत ती टेकडीवरून वर यायची, अंगणाभोवती घिरट्या घालायची आणि पोटाखालची पिशवी उघडून मूर्तीवर गुलाबाच्या पाकळ्या सोडायची. ती पिशवी मी शिवलेली. पहिल्या वर्षी पाकळ्या जागेवर पडल्या नाहीत, विमानच पडलं, तेही बँडवाल्याच्या ढोलावर. ढोलवाला थांबला नाही, त्यामुळे लोकांना वाटलं कार्यक्रमच तसा आहे.

तर ज्या वर्षी सगळ्या देशात पेट्रोल मिळेनासं झालं, त्या वर्षीच्या वसंतात सफ्राचं इंजिन हवेतच जाम झालं आणि ती कांद्याच्या वाफ्यात नाक खुपसून उभी राहिली. इस्कंदरने इंजिन उघडलं, बोट आत फिरवलं, वास घेतला आणि म्हणाला, "पाणी आहे ह्यात."

पेट्रोल फव्वाझच्या पंपावरचं. फव्वाझ म्हणजे ओदेतचा सख्खा भाऊ, इस्कंदरचा मेहुणा. त्याने ऐकून घेतलं नाही.

"पाणी? माझ्या पेट्रोलमध्ये? अरे, ते इंजिन माझ्या आईच्या वयाचं होतं. मेलं. देव त्याला शांती देवो. आता दुसरं घे."

दुसरं घ्यायचं ते कुठून, हेही ठरलं होतं. इस्कंदरची भाची रंदा अबू धाबीला नर्स आहे. ती सणाला येणार होती. तिचा निरोप आला की बॅगा सगळ्या नातेवाइकांच्या औषधांनी भरल्या आहेत, बुटाच्या खोक्याएवढी जागा उरली आहे, आणि त्यात इंजिन आणायचं की मोटर ते मामाने लवकर सांगावं. मामाने आणि लवकर! ओदेत निरोप वाचून हसत सुटली.

मग दुकानात जे सुरू झालं, ते मला भोकातून सगळं ऐकू येत होतं.

तानियोस जनरेटरवाला रोज यायचा. त्याला केसच नाहीत, पण यायचा. "इस्कंदर, पेट्रोलचं इंजिन म्हणजे विडी ओढणारा म्हातारा. उठायच्या आधी तासभर खोकणार. विजेची मोटर, बोट लावलं की गरगर! ना धूर, ना तेल, ना वास. तुझ्या हातांना इतका वास मारतो, की परवा दाढी झाल्यावर बायको मला म्हणाली, गाडीखाली शिरला होतास का."

"आणि बॅटरी संपली की?" हा फव्वाझ. "माझ्या इंजिनाला बाटलीभर पाज, अर्धा तास आभाळात राहील. खाली आणलं, परत पाजलं, परत वर. तुझी बॅटरी जरा कुठे दोन घिरट्या घालते तोवर रडायला लागते. मग ती चार्ज होईपर्यंत मरियमेचा सण संपून नाताळ येईल."

"तुझ्या पंपावर बाटलीभर पेट्रोल मिळेपर्यंत ईस्टर येईल!"

"मिळेल. मेहुण्याला मिळेल. हे विमान शेळीपेक्षा कमी पितं."

"आणि पाणी शेळीपेक्षा जास्त!"

"ए, माझ्या डोळ्यात साबण जातोय," खुर्चीतला माणूस म्हणायचा. इस्कंदर वस्तरा हवेत धरून, एकदा ह्याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत उभा.

बघता बघता गावात दोन पक्ष पडले. ज्यांचं तानियोसशी बिलावरून भांडण, ते पेट्रोलवाले. ज्यांना फव्वाझने रांगेतून परत पाठवलं होतं, ते वीजवाले. विमान कशाने उडतं हे त्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं. चर्चमध्येसुद्धा डावीकडे हे आणि उजवीकडे ते बसायला लागले. अबूना, म्हणजे आमचे पाद्रीबाबा, एका रविवारी प्रवचनात म्हणाले, "मुलांनो, मरियमेला दोन्ही चालतं," तर दोन्ही पक्षांना वाटलं की अबूना त्यांच्याच बाजूने बोलले.

इस्कंदर फव्वाझला म्हणायचा, "तुझंच बरोबर आहे." तानियोसला म्हणायचा, "तुझंच बरोबर आहे." मी भिंतीतून म्हटलं, "पेट्रोल घे रे बाबा," तर मलाही म्हणाला, "तुझंच बरोबर आहे, इम जिरयेस."

मध्येच तो जरा पेट्रोलकडे झुकला होता. मेहुण्याने प्रेमाने पाण्याच्या कॅनमध्ये थोडं पेट्रोल दिलं, ते त्याने ओदेतला न सांगता स्वयंपाकघराच्या दाराआड ठेवलं. ओदेतने सकाळी तोच कॅन उचलला आणि आपल्या तुळशीला घातला. म्हणजे आमच्याकडची ती तुळस, जी टोमॅटोवर चिरून घालतात. वास आल्यावर ती थांबली, पण तोवर कुंडी न्हाली होती. संध्याकाळपर्यंत पानं काळी. तिचा आवाज ऐकायला मला भोकाची गरज पडली नाही.

"मी चूल पेटवायला काडी ओढणार होते, इस्कंदर! काडी! माझ्यासकट घर उडालं असतं, आणि तू शेतात उभा राहून बघत बसला असतास, किती उंच गेलं म्हणून!"

"ओदेत, ते तुझ्या भावाने दिलं."

"भाऊ पंपावर. माझ्या घरात पेट्रोल आलं तर तू पंपावर राहायला जा."

इतकं होऊनही त्याचं ठरलं नाही. ठरलं ते रांगेत.

तेव्हा पेट्रोलच्या रांगा कशा असायच्या, ते आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. फव्वाझच्या पंपापासून सुरू झालेली रांग कब्रस्तानाला वळसा घालून द्राक्षाच्या मळ्यापर्यंत जायची. लोक घरून खुर्च्या आणायचे, पत्ते खेळायचे, बायका तिथेच बसून कूसा, म्हणजे सारण भरायचे छोटे भोपळे, कोरायच्या. इस्कंदर सकाळपासून उन्हात उभा होता. त्याची जुनी गाडी बंद ठेवून तो ती ढकलत ढकलत पुढे नेत होता. पाठ गेलेली, डोक्यावर रुमाल. पंप समोर दिसायला लागला आणि नेमका तेव्हा रंदाचा फोन आला.

"मामा, मी दुकानात उभी आहे. दुकानदार शटर ओढतोय. इंजिन की मोटर?"

माझी गाडी तिसरी होती मागे, मी स्वतः पाहिलं. इस्कंदरने पुढची रांग पाहिली. मागची रांग पाहिली. घाम पुसला. आणि ज्या माणसाने आयुष्यात ब्रेडसुद्धा ठामपणे मागितला नव्हता, तो फोनमध्ये एवढ्या जोराने ओरडला, की मळ्यातले पक्षी उडाले.

"वीज! रंदा, वीज! पेट्रोलचं नाव काढू नकोस माझ्यासमोर!"

रांगेत कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी शिव्या दिल्या. फव्वाझने पंपाशी उभं राहून सगळं ऐकलं. इस्कंदरची गाडी पुढे आली तेव्हा त्याने नळी शांतपणे खांद्यावर टाकली.

"संपलं."

"काय संपलं? आत्ता तर त्याला दिलंस!"

"तुझ्यापुरतं संपलं, मेहुण्या. विजेवर चालव."

गाडी आम्ही उतारावरून ढकलत घरी आणली. इस्कंदर स्टिअरिंगशी बसून गात होता. इतक्या वर्षांत मी त्याला एवढा मोकळा पाहिला नव्हता. ठरवून टाकलं की माणसाला असं वाटतं, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं असावं.

रंदा आली. ओदेतची थायरॉइडची औषधं, रक्तदाबाच्या गोळ्या, त्यात गुंडाळलेली मुठीएवढी मोटर. बॅटऱ्या तिने हातातल्या बॅगेत आणल्या होत्या. चार्जर असा होता, की घरच्या विजेवरही चाले आणि गाडीच्या बॅटरीला चिमटे लावूनही चाले. इस्कंदरने मोटर बसवली. दुकानात मेजावर धरून चालवली, तर फक्त पंख्यासारखी झुळूक आली आणि खाली पडलेले केस सगळ्यांच्या तोंडात गेले.

"आवाजच नाही!" तानियोस म्हणाला. "बघ, राणी आहे राणी!"

मग इस्कंदरने चार्जर भिंतीत लावला. माझी इस्त्री थंड झाली. मी कात्री उचलली, पण ठोकायच्या आधीच खांबावर फट् झालं आणि आमच्या गल्लीचा दिवा गेला. खाटकाचा फ्रीज, दवाखान्याचा पंखा, सगळं. तानियोस स्वतः शिडी घेऊन आला आणि वर चढून ओरडला, "कोण गाढव एवढी वीज ओढतंय?"

"तुझी राणी," मी म्हटलं.

आणि त्याच आठवड्यात तानियोसचं डिझेल संपलं. जनरेटर आधी सकाळचा बंद झाला, मग दुपारचा, मग तानियोसने त्याच्यावर ताडपत्री टाकली आणि घराचं दार लावून बसला, कारण लोक बिलाचे पैसे परत मागायला येत होते. सण जवळ आलेला. मोटर तयार, बॅटऱ्या रिकाम्या, गावात ठिणगीभर वीज नाही. पेट्रोलवाले दुकानावरून जाताना मुद्दाम तोंडाने घर्रर्र करत जायचे.

इस्कंदरकडे गिऱ्हाईकही नव्हतं. असणार कुठून? सगळे रांगेत. एके दिवशी तो दाराशी बराच वेळ उभा राहिला, मग आत गेला, न्हाव्याची ती लोखंडी खुर्ची हातगाडीवर चढवली, कात्र्या, वस्तरा, साबणाचा कप, आरसा आणि चार्जर घेतला आणि कब्रस्तानाकडे चालू लागला.

"कुठे रे?" मी विचारलं.

"गिऱ्हाइकं जिथे, तिथे न्हावी. आणि तिथे प्रत्येकाच्या गाडीत एक बॅटरी आहे, इम जिरयेस."

सौदा साधा. गाडीचं झाकण उघडा, विमानाच्या बॅटरीला चिमट्याने थोडी वीज द्या, तोवर तुमचे केस फुकट. लोकांना तिथे करायला दुसरं काय होतं? पहिल्या दिवशी दोघं बसले, दुसऱ्या दिवशी खुर्चीपुढे वेगळी रांग लागली. रांगेतली रांग! माणसं गाडी पुढे सरकली की तोंडाला साबण तसाच ठेवून ढकलायची आणि परत येऊन बसायची. पेट्रोलपक्षाचे सुद्धा आले. "आम्ही मत बदललेलं नाही हां," असं सांगून मान पुढे करायचे.

गडबड एकदाच झाली. तानियोस रांगेत होता, चेहरा लपवून, खिडक्या वर करून. इस्कंदरने त्याला ओळखलं, दाढी करायला बसवलं आणि चिमटे लावले. तानियोस गप्पांत रंगला. डिझेल कुणी लपवलंय, मंत्र्याचा जावई कोण, सगळं. इस्कंदर ऐकत राहिला आणि चार्जर वीज ओढत राहिला. त्यात तानियोसची बॅटरी आधीच अर्धमेली. रांग हलली, तानियोस गाडीत बसला, किल्ली फिरवली. काही नाही. परत फिरवली. काही नाही. मागून सगळं ऐन तूत भोंगे वाजवायला लागलं.

फव्वाझ पंपावरून धावत आला, बॉनेटमध्ये बघितलं आणि पोट धरून रस्त्यात खाली बसला. "वीज गेली! तानियोसची वीज गेली! या रे, बघा रे!"

"हसू नकोस, ढकल," तानियोस म्हणाला. अर्ध्या तोंडाला साबण होता.

आणि फव्वाझने ढकलली. हसत, शिव्या देत, पण पंपापर्यंत ढकलली, आणि पेट्रोलही दिलं. त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलायला लागले, म्हणजे भांडायला लागले, पण समोरासमोर.

सणाचा दिवस. पाकळ्या ओदेतने पहाटेच खुडून ओल्या फडक्यात ठेवल्या होत्या. इस्कंदर टेकडीच्या उतारावरच्या शेतात, जिथून चर्चचं अंगण दिसतं, मी त्याच्या शेजारी, पिशवीचा बंद माझ्याच हातचा म्हणून. बॅटरी एकाच फेरीपुरती भरली होती. इंजिन असतं तर चुकलं तर परत फिरून येता आलं असतं. इथे एकदाच. त्याने दोन्ही अंगठे पुन्हा पुन्हा पँटला पुसले.

"चुकलं तर?"

"तर ढोलवाला आहेच," मी म्हटलं.

त्याने सोडली. आणि मला ते दृश्य विसरता येत नाही. ती पिवळी, काही म्हणजे काही न बोलता वर गेली. अंगणात अबूना प्रार्थना म्हणत होते, सगळ्यांच्या माना खाली, डोळे मिटलेले. दर वर्षी आवाज आला की लोक वर बघायचे. या वर्षी कुणाला बघायचं सुचलंच नाही. सफ्रा त्यांच्या डोक्यावरून सावलीसारखी गेली, पिशवी उघडली, पाकळ्या अगदी मूर्तीच्या पदरात पडल्या, जशा कधीच पडल्या नव्हत्या, आणि ती वळून टेकडीमागे उतरली. आमेन म्हणून लोकांनी डोळे उघडले तेव्हा आभाळ रिकामं होतं.

इस्कंदर धापा टाकत वर पोचला. छाती फुगलेली. "कसं झालं?"

"काय कसं झालं?" फव्वाझ म्हणाला. "तू आलास कुठे? आम्ही वाट बघतोय."

"अरे, पाकळ्या!"

"पाकळ्या घंटेच्या मनोऱ्यातून टाकल्यात. तुझ्या बायकोने. विमान आलं असतं तर ऐकू आलं नसतं?"

"पाकळ्या आल्या म्हणजे विमान आलं!" तानियोस ओरडला, पण त्यानेही डोळे मिटले होते, हे त्याला कबूल करावं लागलं. तासभर वाद. कुब्ब्यांचे खिम्याचे गोळे थंड झाले, ग्लासातली अरक, आमची बडीशेपेची दारू, गरम झाली. जे घडलं ते पाहिलेली माणसं दोनच, एक इस्कंदर आणि एक मी, आणि माझी साक्ष कुणी धरेना, कारण मी पेट्रोलची बाजू घेतली होती हे सगळ्यांना माहीत होतं. वीजवाले म्हणाले, ही चेष्टा करते. पेट्रोलवाले म्हणाले, ही फितूर झाली.

इस्कंदर हसून सोडून देत होता. तोवर चर्चच्या दाराशी खुर्चीत बसलेल्या मलाके मावशीने काठी आपटली. ओदेतची आणि फव्वाझची ती मावशी. नव्वदीची, डोळ्यांनी काही दिसत नाही, जीभ मात्र शाबूत.

"इस्कंदर! झोपला होतास का रे यंदा?"

"नाही मावशी, उडवलं. आता विजेचं आहे. आवाज करत नाही."

"मग मला कसं कळायचं?"

इस्कंदरने गळ्यातली रिमोटची पेटी काढून हातात घेतली.

"मूर्ती मला दिसत नाही. मेणबत्त्या दिसत नाहीत. तुझा तो खटारा घर्रर्र करत आला, की मी म्हणायचे, चला, आणखी एक वर्ष पदरात पडलं. यंदा बसलेच आहे मी. सण झाला की नाही, तेच कळेना."

फव्वाझ जिंकल्यासारखं हसणार होता, पण त्याऐवजी त्याने मावशीची खुर्ची सावलीत ओढली. इस्कंदर जेवायला बसला नाही. मी ओदेतला विचारलं तर म्हणाली, "नदीवर गेलाय. बोरू तोडायला."

पुढचे काही दिवस भिंतीच्या भोकातून पुंग्यांचे आवाज येत राहिले. लांब पुंगी, आखूड पुंगी, तिरपी कापलेली, भोकं पाडलेली. मी कात्रीने ठोकून ठोकून थकले. शेवटी त्याला हवी तशी सापडली. ती त्याने सफ्राच्या पंखाखाली दोऱ्याने बांधली, दोरा माझाच, आणि रांगेत पुन्हा एकदा केस कापून बॅटरी भरून घेतली. मग एका दुपारी मलाके मावशीला गच्चीवर खुर्चीत बसवलं आणि तिच्या घरावरून विमान नेलं. वाऱ्याने पुंगी भरली आणि हूऽऽ असा एक लांब सूर सगळ्या गल्लीवरून गेला. कुत्री भुंकायला लागली. खाटकाने सुरी टाकली.

म्हातारीने मान वर केली आणि सुराबरोबर इकडून तिकडे फिरवली.

"ऐकू आलं का, मावशी?" इस्कंदर खालून ओरडला.

"आलं. पण आधीचा पुरुष होता. ही कुणी बाई आहे, आणि तिचं कुणीतरी गेलंय."

"बदलू का?"

"राहू दे. परत आण तिला एकदा." मग उरलेल्या पाकळ्या त्याने तिच्यावरच सोडल्या, आणि त्या केसांतून काढायला तिने कुणाला हात लावू दिला नाही.

त्यानंतर ऐन तूतमध्ये घराघरावर उन्हाची वीज करणाऱ्या काचा आल्या. इस्कंदरच्या गच्चीवर आहेत, माझ्याही आहेत, आमचं भांडणाचं कारणच गेलं. पेट्रोल आता मिळतं, पण इस्कंदरने पुन्हा कधी इंजिनाचा विषय काढला नाही. मिशी मात्र अजून कधी असते, कधी नसते.

फव्वाझ अजूनही दर शनिवारी दाढीला येतो. परवा मी भोकातून ऐकलं.

"एकदा सगळ्यांसमोर सांग, मेहुण्या," इस्कंदर म्हणत होता. "त्या सणाला विमान आलं होतं की नाही?"

वस्तरा खसखसत राहिला.

"हे बघ," फव्वाझ अगदी जपून, ओठ न हलवता म्हणाला, "वस्तरा गळ्यावर आहे तोवर आलं होतं."